धागा: अँबॅसिडरसाठी पाने घ्यायचेत, पण नेमके कुठले?

किल्लीदांडा (सांगली), रविवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही डाव्या हाताला पट्टी बांधून, त्यामुळे टंकनाच्या चुका पोटात घाला.

बाबांची १९६८ची अँबॅसिडर आहे, मार्क टू. ते गेल्यापासून तीन वर्षं शेडमध्ये उभीच होती. दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, निदान बारीकसारीक कामं आपण शिकायची. ऑनलाइन १०८ नगांचा सेट मागवला. काळी पेटी, आत सगळं चकाचक, बघूनच हुरूप आला. पहिलं काम म्हणून डायनॅमोचा पट्टा ताणायला घेतला. बोल्टवर १२चा पाना चढेना. १३चा चढला, पण जरा हलत होता. म्हटलं, चालतंय की. जोर लावला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली आणि बोल्टचे कोपरे गोल झाले.

आता विचारायचं ते असं: सेट खराब निघाला का? आणि जुन्या गाडीसाठी हत्यारं घ्यायची तर कुठल्या कंपनीची घ्यावीत? एकदाच पैसे घालायचेत.

चार_सूत (कोल्हापूर), रविवार रात्री ११:०५

सेट खराब नसेलही. तुमच्या गाडीचा तो नाहीच.

अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं इंजिन इंचातलं, बोल्ट इंचातले, पाने इंचातले. तुमचा तो बोल्ट ५/१६चा असणार, त्याचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. १२ लहान पडतो, १३ ढिला बसतो. ०.३ मिलिमीटरची फट ऐकायला काहीच वाटत नाही, पण जोर लावला की पाना बोल्टच्या सपाट बाजूंना न धरता फक्त कोपऱ्यांना धरतो. कोपरे जातात.

आमच्या गॅरेजमध्ये अँबॅसिडर आली की उस्ताद आकडे बोलायचेच नाहीत, सूत बोलायचे. आठ सूत म्हणजे इंच. "चार सुती दे रे" म्हणजे अर्धा इंच, "साडेचार सुती" म्हणजे ९/१६. मी पोऱ्या होतो तेव्हा चुकून १३चा पाना दिला तर तोच पाना माझ्या दिशेनं परत यायचा, हवेतून.

घ्यायचेच तर एवढे घ्या: साडेतीन सूत (७/१६), चार सूत (१/२), साडेचार (९/१६), पाच (५/८), सहा (३/४). रिंग पाना (बंद तोंडाचा) आणि फिक्स पाना (उघड्या तोंडाचा) दोन्ही. दुकानात "एएफ" मागायचं, म्हणजे बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. पाच पान्यांत तुमचं निम्म्याहून जास्त इंजिन उघडेल. कंपनीचं नंतर बघू.

पद्मिनी_७९ (मुंबई), सोमवार सकाळी ८:२०

म्हणून आमची फियाट बरी. इटालियन बाई, सगळं मिलिमीटरमध्ये. १०, १३, १७, १९, बस्स. वडिलांची काळी-पिवळी होती आणि सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात एवढेच पाने, एक पक्कड, एक प्लग पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर. त्यावर त्यांनी २२ वर्षं टॅक्सी चालवली.

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी वडिलांनी तो डबा काढून पुसून ठेवला. असो, विषयांतर.

किल्लीदांडा, तुमचा सेट मला विका.

पुणेरी_चिमटा (पुणे), सोमवार सकाळी ९:४५

एक भाबडा प्रश्न. पाने घ्या, मग गोट्या (सॉकेट) घ्या, मग मोजून आवळायचा टॉर्क रेंच घ्या, मग ते ठेवायला कपाट घ्या, मग बोटांना मलम घ्या. एवढ्या पैशांत गॅरेजवाला दहा वेळा पट्टा ताणून देईल की. चहाही पाजेल.

चार_सूत (कोल्हापूर), सोमवार सकाळी ९:५८

चिमटाराव, गॅरेजवाला कुठाय? अँबॅसिडर २०१४ साली बंद झाली. तिच्यावर हात बसलेला माणूस आता साठीच्या पुढचा. आजचा पोरगा १३चाच पाना लावणार आणि वर पाइपही घालणार.

लेफ्टहँड_जीपवाली (कराड), सोमवार दुपारी १:१५

चार_सूत दादांना अनुमोदन, पण एक भर घालते. जुन्या गाडीत इंचाचेच बोल्ट असतील असं समजून चालू नका. आमची जीप मूळची इंचातली. पण मधल्या पन्नास वर्षांत जो जो मेकॅनिक आला त्यानं हाताला लागेल तो बोल्ट ठोकलाय. एकाच पॅनेलवर चार बोल्ट, त्यात तीन जातींचे. मी आधी शंभरेक रुपयांत एक थ्रेड गेज (आट्यांमधलं अंतर मोजायला) घेतलं आणि एक साधं व्हर्नियर (जाडी मोजायला). माझ्यासाठी तेच पहिलं हत्यार. पाने नंतर आले.

कारण डोक्याच्या मापापेक्षा आट्यांचा घोटाळा जास्त महागात पडतो. ५/१६चा यूएनएफ (इंचातला, बारीक आट्यांचा) बोल्ट जाडीला ७.९४ मिमी, आणि एम ८ (मिलिमीटरवाला) बोल्ट ८ मिमी. बघून कळत नाही. पण यूएनएफला इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांत साधारण १.०६ मिमी अंतर, आणि एम ८ला १.२५. एकमेकांत दोन-तीन आटे छान जातात, मग अडकतात. आपल्याला वाटतं गंज आहे, आपण पाना लावतो आणि ब्लॉकमधले आटे जातात. बोल्ट दहा रुपयांचा, ब्लॉकचं काय ते तुम्हीच बघा.

नियम साधा: बोल्ट हातानं, बोटांनी, निदान चार-पाच आटे सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर पाना खाली ठेवा.

जाता जाता, माझं टोपणनाव विचारणाऱ्यांसाठी: विलीसच्या घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पहिल्यांदा चाक पंक्चर झालं तेव्हा मी आणि माझा भाऊ पाऊण तास ते "सोडवत" होतो, म्हणजे आवळत होतो.

किल्लीदांडा (सांगली), सोमवार रात्री ९:३०

ताई, हसू नका, पण व्हर्नियर म्हणजे ते शाळेच्या प्रयोगशाळेतलंच ना? मुलीकडून घेतो.

मग मूळ बोल्ट कुठला आणि नंतर घातलेला कुठला, हे नुसतं बघून ओळखता येतं का?

कॉव्हेंट्रीकर (इंग्लंड), सोमवार रात्री ११:५०

बऱ्याचदा येतं. युद्धानंतर, १९४८ साली, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचं एकच माप ठरवलं, त्यातलं बारीक आट्यांचं ते यूएनएफ. त्या काळच्या ब्रिटिश बोल्टांवर ओळखीची खूण असते: डोक्यावर गोल खोलगट खाच, किंवा कडेला एकमेकांना चिकटलेल्या वर्तुळांची ओळ. नटांवरही अशी वर्तुळं दिसतात. मेट्रिक बोल्टावर बहुतेक ८.८ किंवा १०.९ असा आकडा. डोकं घासून पुसा, टॉर्च मारा.

आता त्याच्या आधीचं रामायण. ब्रिटिश गाडी आणखी जुनी असेल तर व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेलं माप. आट्यांचा कोन ५५ अंश, यूएनएफ आणि मेट्रिकचा ६०. त्या पान्यांवर जो आकडा असतो तो बोल्टच्या डोक्याचा नसतोच, आट्यांच्या जाडीचा असतो. १/४ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच असतं, म्हणजे १३.३ मिमी. शिवाय त्याच पान्यावर ५/१६ बीएस (ब्रिटिशांचं बारीक आट्यांचं माप) असंही लिहिलेलं असतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं ते थट्टा करताहेत.

मार्क टूला व्हिटवर्थचा फारसा त्रास होऊ नये. पण ल्युकास कंपनीच्या विजेच्या वस्तूंमधले बारीक नट बीए मापाचे (बारीक स्क्रूंसाठीचं जुनं ब्रिटिश माप) असतात. २ बीए म्हणजे ८.२३ मिमी. ८चा पाना चढणार नाही, ९चा फिरेल. पितळेचा नट असतो बिचारा, एका दणक्यात गोल होतो. २ आणि ४ बीएचे दोन छोटे पाने असू द्यात.

इकडे माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे, अँबॅसिडरची इंजिनाकडून चुलत बहीण, दोघींची इंजिनं बी सिरीजची. इथल्या तरुण मेकॅनिकना इंचाचे पाने नकोत, त्यामुळे रविवारच्या बाजारांत किंग डिक, ब्रिटूल या कंपन्यांचे जुने पाने पेटीत टाकून विकतात. सप्टेंबरात ब्यूलीला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, तिथे तर ढीग. इकडे कोणी नातेवाईक असेल तर सांगा, येताना आणेल. फक्त चेक-इन बॅगेत टाकायला सांगा. माझ्या मामांनी हातातल्या पिशवीत नेले होते आणि विमानतळावर त्यांचं भलतंच स्वागत झालं.

टूलरूम_निवृत्त (नाशिक), मंगळवार सकाळी ७:१०

कंपनीचा प्रश्न अजून लोंबकळतोय. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, म्हणून बोलतो.

नाशिककर असल्यामुळे सातपूरच्या टपारियाकडे माझा थोडा ओढा आहे, तो वजा करून वाचा. घरच्या कामाला भारतीय फोर्ज केलेले पाने पुष्कळ झाले. जालंधर-लुधियानाकडे तर परदेशी नावांसाठीही माल बनतो. स्नॅप-ऑन, श्टालविले, कोकेन ही नावं उत्तम आहेत, पण ती दिवसभर पाने हातात असलेल्या माणसासाठी. तुम्ही महिन्यातून दोन रविवार गाडीखाली जाणार.

दुकानात गेलात की नावापेक्षा हे बघा. एक, खिशात आपल्या गाडीचा एक चांगला, न झिजलेला बोल्ट न्या. पाना त्यावर बसवून हलवा. बस. मी स्वतः एकाच खोक्यातले तीन पाने काढून त्यातला एक निवडलेला आहे. दोन, फिक्स पान्याचे दोन्ही जबडे समांतर आहेत का ते उजेडाकडे धरून बघा. रिंग पान्याची भिंत पातळ हवी, नाहीतर अडचणीत शिरत नाही. स्वस्त माल हमखास जाड असतो, कारण पोलाद हलकं असतं आणि ते जाडीनं भरून काढतात. मुलामा फार झगझगीत असेल तर मला उलट शंका येते. निघालेल्या क्रोमचा पापुद्रा ब्लेडसारखा कापतो.

क्रोम व्हॅनेडियम असं छापलेलं असतं, पण छापायला काय लागतं! खरी गंमत उष्णोपचारात आहे. कडक हवा, पण ठिसूळ नको. चांगला पाना आधी वाकतो, वाईट पाना एकदम तुटतो आणि तुमचं डोकं त्याच्या समोर असतं.

आणि गोट्या घ्याल तर सहा कोनी. बारा कोनी गोटी चटकन बसते, ३० अंशांवर पुन्हा धरते, हे खरं. पण गंजलेल्या जुन्या बोल्टवर ती फक्त कोपऱ्यांशी बोलते. सहा कोनी गोटी सपाट बाजूवर दाब देते. तुमच्या आताच्या गोल झालेल्या बोल्टवर चार सुती सहा कोनी गोटी हलक्या हातानं ठोकून बसवून बघा. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, सकाळी परत सोडा. घाई नको.

पद्मिनी_७९ (मुंबई), मंगळवार सकाळी ८:०५

काका, एक विचारू? फिक्स पान्याचं तोंड तिरकं का असतं? लहानपणी मला वाटायचं वडिलांचे सगळे पाने वाकलेत.

टूलरूम_निवृत्त (नाशिक), मंगळवार सकाळी ८:४०

१५ अंश तिरकं. अडचणीच्या जागी पाना जरासा फिरवता आला की काढायचा, उलटा करून परत लावायचा. तो पुढच्या ३० अंशांवर बोल्ट धरतो. सरळ तोंडाचा असता तर पूर्ण ६० अंश फिरवायला जागा लागली असती. हे कळलं नाही म्हणून कित्येक लोक डायनॅमो काढायला रेडिएटर खाली उतरवतात.

रॅचेटचंही (गोटी फिरवायचा दातेरी दांडा) तसंच. २४ दातांचा असेल तर पुढचा दात पकडायला १५ अंश फिरवावा लागतो, ७२ दातांचा ५ अंशांत पकडतो. पण फार बारीक दातांचा स्वस्त रॅचेट घेऊ नका. आणि गंजलेला नट रॅचेटनं फोडायचा नाही, त्याला टी रॉड किंवा साधा लांब दांडा. रॅचेट नंतरच्या फिरवाफिरवीसाठी.

पुणेरी_चिमटा (पुणे), मंगळवार सकाळी ११:३०

मान्य, शिकण्यासारखं आहे. पण एक स्क्रू पाना घेतला, म्हणजे तोंड लहान-मोठं होणारा, तर इंच, मिलिमीटर, व्हिटवर्थ, साडेचार सूत, सगळ्यांचीच सोय नाही का होत? एकच पाना. अद्वैत.

लेफ्टहँड_जीपवाली (कराड), मंगळवार सकाळी ११:३४

त्या अद्वैतानं माझ्या जीपचे सहा नट मोक्षाला गेलेत.

चार_सूत (कोल्हापूर), मंगळवार दुपारी ४:००

स्क्रू पाना ठेवावा, पण नट धरून ठेवायला, फिरवायला नाही.

सगळे पान्यांवरच बोलताहेत, स्क्रू ड्रायव्हरवर कोणीच नाही, आणि जुन्या गाडीची सगळ्यात जास्त नासधूस त्यानंच होते. जुन्या गाडीत सरळ खाचेचे स्क्रू फार. त्या खाचेत ड्रायव्हरचं टोक लांबीला पूर्ण आणि जाडीला घट्ट बसलं पाहिजे. बाजारातले टोकाला निमुळते असतात, पाचर होते, जोर दिला की वर उसळतात. कार्बोरेटरचे जेट पितळेचे. त्यांच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या की समजावं, आधीचा मेकॅनिक घाईत होता. आमचे उस्ताद जेटसाठी वेगळा ड्रायव्हर ठेवायचे, टोक कानशीनं घासून त्या खाचेच्या मापाचं केलेलं. त्याला दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचे नाहीत. पेंटचा डबा उघडायला तर अजिबात नाही.

दरवाज्याच्या बिजागरीचे स्क्रू निघत नसतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, हातोडीनं मारायचा, विजेचा नव्हे. मारला की दाबतोही आणि फिरवतोही. माझ्या मते घेतलेल्या पैशांना सगळ्यात जास्त जागणारं हत्यार तेच.

ब्रेक पाइपच्या नटांना मात्र साधा फिक्स पाना लावूच नका. त्यासाठी कडेला चिरलेला रिंग पाना मिळतो, फ्लेअर नटचा. पाइपवरून सरकवायचा आणि नटावर बसवायचा. ७/१६चा घ्या. नट गोल झाला तर अख्खा पाइप बदलायची वेळ येते.

किल्लीदांडा (सांगली), मंगळवार रात्री १०:१०

वहीत लिहून घेतोय सगळं. टॉर्क रेंच लागतो का? आणि हे सगळं मिळणार कुठे? सांगलीतल्या दोन दुकानांत विचारलं, "इंचाचे? आता कोण घेतंय" म्हणाले.

टूलरूम_निवृत्त (नाशिक), बुधवार सकाळी ६:५०

इंजिनाचं हेड (वरचं झाकण) उघडणार असाल तर टॉर्क रेंच हवाच, तोपर्यंत नको. घेतलात तर काम झालं की स्प्रिंगवाला रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, आणि नट सोडायला म्हणून त्याचा वापर कधीच नाही. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे पाउंड-फुटात असतात, आपल्याकडच्या रेंचवर किलो-मीटर किंवा न्यूटन-मीटर. १ किलो-मीटर म्हणजे ७.२३ पाउंड-फूट, म्हणजेच ९.८१ न्यूटन-मीटर. हे पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. हेडच्या वेळी हात तेलात असतात, मोबाइल उघडत नाही.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) इंचातलं घ्या. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा गॅप १५ थाऊ धरा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

पद्मिनी_७९ (मुंबई), बुधवार सकाळी ९:१५

मुंबईत आलात तर नागदेवी स्ट्रीट. नवीन माल, इंचाचे पानेही सुटे देतात, सेटच घ्या असा आग्रह नाही. जुने हवे असतील तर शुक्रवारी सकाळी लवकर चोर बाजार, पण तिथे तुमचा बोल्ट आणि तुमचं व्हर्नियर दोन्ही न्या. झिजलेला पाना पॉलिश मारून नव्यासारखा दिसतो.

पुणेरी_चिमटा (पुणे), बुधवार सकाळी ९:४०

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. आज बुधवार, जातोच आहे. ७/१६ आणि १/२ दिसले तर घेऊन ठेवतो, किल्लीदांडा. पैसे नंतर द्या. मी विरोध तत्त्वासाठी करतो, पान्यांशी माझं वैर नाही.

लेफ्टहँड_जीपवाली (कराड), बुधवार सकाळी १०:०५

किल्लीदांडा, आणखी एक, आणि हे पान्यांच्या आधी घ्या. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. दोन चांगले जॅक स्टँड, मागच्या चाकांना ठोकळे, आणि मग एकदा हातानं गाडी हलवून बघायची. विटांवर तर मुळीच नाही. वीट फुटताना आधी सांगत नाही.

किल्लीदांडा (सांगली), रविवार संध्याकाळी ७:२५

अपडेट. बोल्ट निघाला! चार सुती सहा कोनी गोटी, दोन रात्री तेल, काकांनी सांगितलं तसं. जागेवर नवा यूएनएफ बोल्ट बोटांनी पाच आटे मोजून फिरवला, मग पाना. पट्टा ताणला, चार्जिंगचा दिवा विझला. चिमटारावांनी पाठवलेले दोन पाने काल मिळाले, त्यांना दंडवत.

आता खरी गंमत. जॅक स्टँड लावताना डिकीतलं स्टेपनी काढलं, तर खाली तेलकट तरटाची गुंडाळी. उघडली तर बाबांचे पाने. सगळे इंचाचे, जोडी-जोडीनं, प्रत्येकावर कानशीनं खूण केलेली. एक खूण, दोन खुणा, तीन. लहानपणी हेच पाने "याच्यावर भलतेच आकडे आहेत" म्हणून मी बाजूला टाकायचो.

फक्त ५/८-३/४चा नव्हता. आईला विचारलं. ती म्हणाली, "तो होय! तो गॅसच्या शेगडीखाली आहे, एक पाय आखूड आहे तिचा."

चार_सूत (कोल्हापूर), रविवार संध्याकाळी ७:३१

सहा सुती शेगडीखाली! अहो, आधी शेगडीला एक लाकडी ठोकळा करा, मगच काढा. आमटी सांडली तर आई गाडीच विकायला काढतील.